वायर तुटली तरी घर गाठता येतं

मोटारसायकलची क्लच वायर बहुधा लिव्हरजवळच्या टोकाला तुटते. आडरस्त्यावर असं झालं तरी घाबरू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, गाडीवर बसून पायांनी पुढे ढकला आणि गाडी चालू लागली की पहिला गिअर टाका. पुढचा गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर पूर्ण सोडा. गिअरवरचा ताण कमी होतो आणि गिअर सहज पडतो. थांबण्याआधीच न्यूट्रल करा. गर्दीचा, सिग्नलचा रस्ता टाळा.

अ‍ॅक्सिलरेटरची वायर तुटली, तर कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत आयडलिंगचा स्क्रू थोडा आत पिळा. इंजिनाचा वेग वाढतो. मग क्लच हळूहळू सोडला की खालच्या गिअरमध्ये गाडी संथपणे चालत राहते.

हे उपाय जवळचं गॅरेज किंवा घर गाठण्यापुरतेच. ब्रेक निकामी असेल, तर गाडी मुळीच चालवू नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ क्रमांकावर मदत मागा. आणि लांबच्या प्रवासाला निघताना एक जादा क्लच वायर, एक पाना आणि पक्कड सोबत असू द्या.