वेग बेताचा, तरी चेंडू वळतो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दुपारी माजी विद्यार्थी विरुद्ध आजचे विद्यार्थी असा सामना आहे, म्हणून संयोजकांनी मला गोलंदाजीवर पाच मिनिटं दिली आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आपल्या वेळी सीझन बॉल मुलांच्या हाती आणि लेझीम मुलींच्या हाती, अशी वाटणी होती. मी गोलंदाजी शिकले ती पस्तिशीनंतर, सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्या हौशी संघात. माझा वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जात नाही. तरी चेंडू हवेत वळतो.

शिवण तिरकी ठेवून चेंडू टाकला की शिवणीच्या बाजूची हवा ढवळली जाते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या फरकामुळे चेंडू शिवणीच्या दिशेला ढकलला जातो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रवींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत सर्वांत जास्त स्विंग मिळाला तो ताशी सुमारे ११० किलोमीटरला, शिवण २० अंश कललेली असताना. म्हणजे तुफान वेग लागत नाहीच. आपला वेग त्याहूनही कमी, त्यामुळे ढकल कमी. पण चेंडू हवेत जास्त वेळ राहतो.

मग आपला चेंडू सरळ का जातो? शिवण डगमगते म्हणून. वेगासाठी खांदा झोकून दिला की मनगट कलतं. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन कडांवर, अंगठा खालून शिवणीवर, तळहात आणि चेंडू यांत थोडी फट. सोडताना मनगट चेंडूच्या थेट मागे हवं आणि बोटं शिवणीवरून खाली सरकायला हवीत. चेंडू उलटा फिरतो आणि शिवण स्थिर राहते. आउटस्विंगला शिवणीचं तोंड पहिल्या स्लिपकडे, लकाकी लेगच्या बाजूला.

सरावासाठी जुन्या चेंडूचा अर्धा भाग पांढरा रंगवा. दहा पावलांवर जोडीदार उभा करा आणि रनअप न घेता रोज ३० चेंडू टाका. दोन रंग वेगळे दिसले तर मनगट बरोबर. एकमेकांत मिसळले तर चूक.

दुसरी गोष्ट टप्प्याची. स्विंग वेळेच्या वर्गाने वाढतो. अर्ध्या वाटेवर चेंडू एकूण वळणाच्या पावपटच वळलेला असतो. आखूड टाकलात तर वळायच्या आतच टप्पा पडतो. म्हणून टप्पा पुढे ठेवा. कव्हरमधून एखादा चौकार जाईल, जाऊ द्या. कीपरला स्टंपजवळ उभं करा, म्हणजे फलंदाज क्रीझ सोडून पुढे येणार नाही. प्रवीण कुमारचा वेगही बेताचाच होता, पण २०११ साली लॉर्ड्सवर त्याने इंग्लंडचे एका डावात पाच बळी घेतले.

शेवटी खेळाच्या सरांना एक विनंती. वेग कमी दिसला की आपण मुलांना, आणि मुलींना तर हमखास, ‘तू स्पिन टाक’ म्हणतो. तसं म्हणण्याआधी त्यांना सहा महिने शिवण सरळ ठेवायला शिकवू या. मेळाव्याच्या शिल्लक निधीतून मुलींसाठी महिला क्रिकेटचे, १४० ते १५१ ग्रॅम वजनाचे चेंडू घेऊ या. पुरुषांचा चेंडू १५६ ग्रॅमच्या आसपास सुरू होतो. हलका चेंडू तेवढ्याच ढकलीने जास्त वळतो. पहिल्या डझनाचे पैसे मी देते.