चैत्रगौरीची भांडी : घासायचं किती, आणि थांबायचं कुठे?

पाडवा झाला आणि आमच्या नेरूळच्या सोसायटीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची निमंत्रणं फिरायला लागली. खाडीवर फ्लेमिंगो आहेत, बाजारात कैऱ्या आल्यात, आणि घरोघरी माळ्यावरची वर्षभर न उघडलेली खोकी खाली येतायत. आजचा भाग त्या खोक्यांबद्दल. पाहुण्यांसाठी म्हणून जपलेली जी भांडी असतात, म्हणजे चांदी, तांबं-पितळ, काच, चिनी माती, लाकूड, ती स्वच्छ कशी करायची, ठेवायची कशी, आणि मुख्य म्हणजे हात कुठे आवरायचा.

हात आवरायचा, हे मी अनुभवावरून सांगतेय. लग्नानंतरचा माझा पहिला चैत्र. सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंचं पितळी तबक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे जरा उजळून ठेव." नवी सून, छाप पाडायची होती! चिंच झाली, पावडर झाली, तारेची घासणी झाली. तरी एक काळा डाग जाईना, म्हणून हत्यारांच्या पेटीतला पॉलिश पेपर काढला. तबक सोन्यासारखं लखलखलं. आईंनी ते हातात घेतलं, पालथं केलं आणि एका जागी अंगठा फिरवत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "इथे आमच्या आईंचं नाव होतं गं."

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, तुम्हाला माहितीच आहे. छिन्नीनं ठोकून ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेलं नाव, खाली साल. ते वर्षानुवर्षं झिजत आलं होतं, पण शेवटचा हात माझा फिरला. आई रागावल्या नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : घासणं म्हणजे झिजवणं. पॉलिश करताना फडक्यावर जे काळं येतं ना, त्यात थोडा धातूही असतो. म्हणून कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी विचारायचं, हा मळ आहे, की या भांड्याचा स्वतःचा थर आहे? मळ असेल तर काढा. थर असेल तर जरा थांबा.

आता हळदीकुंकवाच्या क्रमानंच जाऊ. पाहुण्या दारात आल्या की आधी काय? गुलाबदाणी, अत्तरदाणी आणि हळदीकुंकवाचा करंडा. म्हणजे चांदी.

चांदी काळी का पडते? हवेतल्या गंधकामुळे. आपल्या नवी मुंबईत ओहोटीच्या वेळी खाडीकडून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. कांदळवनाच्या चिखलात तो आपोआप तयार होतो. त्यात आपली दमट हवा. त्यामुळे इथे चांदी लवकर काळवंडली तर सोनाराला दोष देऊ नका.

चांदीला आधी नुसतं कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं. निम्म्या वेळा तेवढ्यानंच काम होतं. टूथपेस्ट नको. तिच्यात घासणारे कण असतात, बारीक ओरखडे उठतात. जास्त काळं असेल तर पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, खाण्याचा सोडा टाका, कडकडीत पाणी घाला आणि चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा. काही मिनिटांत काळपणा उतरतो. इथे गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी जागेवरच राहते. म्हणून घासण्यापेक्षा हे बरं.

पण यातही अपवाद आहेत. मीनाकारी असेल, खडे असतील, आत लाख भरलेली असेल, तर हा प्रयोग अजिबात नको. गरम पाण्यात लाख मऊ होते. नक्षीच्या खाचांत मुद्दाम ठेवलेला काळा रंग असेल तर तोही निघून जातो आणि नक्षी सपाट दिसायला लागते. आणि भांडं पालथं करून बघा. खाली ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असतील तर वर फक्त चांदीचा मुलामा आहे. जोर लावलात तर आतला पिवळट धातू दिसणारच. जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात तर चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू.

गुलाबदाणीचं एक विसरू नका. कार्यक्रम संपला की उरलेलं गुलाबपाणी काढून टाका, आतून विसळा, मान वेगळी होत असेल तर काढून पालथी वाळवा. ठेवताना सुती मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. रबरबँड मात्र लावू नका, रबरातही गंधक असतो. बरोबर काळी रेघ उमटते.

आता पन्हं. इथे प्रश्न नुसत्या चकाकीचा नाही, पाहुण्यांच्या पोटाचा आहे, त्यामुळे जरा लक्ष द्या.

हल्ली तांब्या-पितळेचे जग आणि पेले परत आलेत, दिसतातही सुंदर. पण पन्हं म्हणजे कैरी, आणि कैरी म्हणजे आंबट. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. आपल्या आज्यांनी हा शब्द उगाच नाही ठेवला. तांबं त्या पदार्थात उतरतं, चव बिघडते, मळमळतं, उलट्या होतात. पन्हं, कोकम सरबत, सोलकढी, ताक, सगळ्यांना हाच नियम. तांब्याच्या जगात साधं पाणी द्या. पन्हं काचेत, स्टीलमध्ये किंवा कल्हई शाबूत असलेल्या भांड्यात.

शाबूत आहे हे कसं ओळखायचं? आतला रंग सगळीकडे सारखा, राखाडी-रुपेरी हवा. कुठे लालसर किंवा पिवळं डोकावलं, तर कल्हई उडाली समजा. आणि आपली चूक इथेच होते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. वापरून तो मंद, काळसर होतो. तो मळ नाही. आपण मात्र "काळं पडलंय" म्हणून तारेनं घासतो आणि ज्या थरानं आपलं रक्षण करायचं तोच उडवतो. आतून फक्त मऊ स्पंज वापरा. भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं.

पूर्वी कल्हईवाला दारात यायचा. भाता, निखारे, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की उठणारा तो पांढरा धूर, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं गरकन फिरवलेला हात. आता त्याला शोधावं लागतं. पुण्यात कसब्यातली तांबट आळी आणि मुंबईत पायधुणीजवळचा तांबाकाटा, इथे तांब्या-पितळेच्या जुन्या दुकानांत चौकशी करा. कल्हई पुन्हा करता येते. झिजलेलं नाव मात्र परत येत नाही.

बाहेरून तांबं-पितळ उजळायला चिंच किंवा लिंबू-मीठ चांगलंच. पण लावून विसरू नका. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. आंबटात फार वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि भांड्यावर गुलाबी चट्टे दिसतात. लावा, बोटांनी फिरवा, लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि ताबडतोब कोरडं पुसा. आपल्या हवेत "आपोआप वाळेल" म्हणून ठेवलेलं भांडं डाग घेऊनच वाळतं. शोभेची नवी उरळी किंवा समई असेल तर तिच्यावर पारदर्शक लाखेचा हात असू शकतो. तिला फक्त ओलसर फडकं.

आता काच. दोन ग्लास एकमेकांत अडकले तर ओढाताण करू नका. आतल्यात गार पाणी घाला, बाहेरचा कोमट पाण्यात धरा, अलगद सुटतात. काच धुरकट दिसत असेल तर व्हिनेगर लावून बघा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार असतील तर जातील. नाही गेले तर काचच झिजली आहे, मग घासून उपयोग नाही.

सोनेरी काठाच्या चिनी मातीच्या बशा हातानंच धुवा, आणि मायक्रोवेव्हमध्ये नकोत, ठिणग्या उडतात. मेलामाइनचंही तसंच. डाळ वाढायला ठीक आहे, पण मायक्रोवेव्हमध्ये नाही आणि तारेची घासणी तर नाहीच. स्टील दणकट खरं, पण ब्लीच किंवा मिठाचं पाणी रात्रभर राहिलं तर त्यालाही बारीक खड्डे पडतात.

शेवटी लाकूड. सावंतवाडीचा रंगवलेला ट्रे असेल तर तो नळाखाली धरायचाच नाही. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरड्यानं पुसा, सावलीत उभा करून ठेवा. साध्या, न रंगवलेल्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात हवा, पण शेंगदाण्याचं तेल खवट होतं. खाण्याच्या भांड्यांसाठी चालणारं मिनरल ऑइल वापरा. आणि पावसाळ्यापूर्वी सगळी खोकी एकदा उघडून वारं दाखवा.

जाता जाता एक काम सांगते. यंदा भांडी खाली काढाल तेव्हा प्रत्येक भांडं पालथं करा. कुठे नाव आहे, साल आहे, "लग्नानिमित्त" असं काही लिहिलंय, ते वाचा. मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ही कोण? ज्या जागी नाव आहे तिथे यापुढे फक्त मऊ फडकं.

ते तबक अजून आमच्याकडेच आहे. यंदाही गौरीपुढे आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे त्यातच असतील. थोडं काळसर झालंय. आई परवा म्हणाल्या, "राहू दे तसंच, छान दिसतंय."

तुमच्याकडच्या भांड्यांवर कुणाची नावं सापडली, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.