भरतकामाची उलटी बाजू

कापडाच्या दुकानांत भरतकाम केलेली चोळी किंवा उशीचा अभ्रा पाहणाऱ्या गिऱ्हाइकांचे दोन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग फुलें पाहतो, रंग पाहतो, किंमत विचारतो आणि वस्तु घेऊन जातो. दुसरा वर्ग लहान आहे. त्यांत बहुधा वयस्क गृहिणी असतात. कापड हातीं येतांच त्या तें उलटें करतात आणि आंतल्या बाजूवरून तळहात फिरवितात. दुकानदाराला हीं गिऱ्हाइकें फारशीं प्रिय नसतात. कारण वरच्या गुलाबाच्या पाठीमागें पुष्कळदां दोऱ्यांचें असें जंजाळ लोंबत असतें कीं, 'वरून कीर्तन, आंतून तमाशा' ही म्हण त्या कापडावरूनच निघाली असावी असें वाटावें.

हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा असता, तर त्यासाठीं श्रोत्यांची पंधरा मिनिटें घेण्याचें कारण नव्हतें. पण दोऱ्याचें सुटें राहिलेलें टोंक म्हणजे न मिटलेला हिशेब होय. तें बांगडींत अडकतें, धुण्यांत ओढलें जातें, आणि एके दिवशीं फुलाची एक पाकळी निघून येते.

वाशीम जिल्ह्यांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें बंजारा समाजाचें थोर तीर्थस्थान आहे. तेथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे, आणि रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण, आंध्र या प्रांतांतूनहि तांडेच्या तांडे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं तेथें बंजारा विरासत संग्रहालयहि उघडण्यांत आलें. यात्रेंत वयस्क स्त्रियांच्या अंगावर फेटिया, म्हणजे त्यांचा घागरा, आणि कांचळी, म्हणजे चोळी, हा पोशाख दिसतो. आरसे, कवड्या आणि रंगीबेरंगी टाके यांनीं तो असा भरलेला असतो कीं मूळ कापड शोधावें लागतें. तरुण स्त्रिया रोजच्या व्यवहारांत बहुधा साडी नेसतात. पण सण, लग्न आणि यात्रा यांसाठीं तो पोशाख हवाच असतो. हातानें तो भरण्यास महिनेच्या महिने लागतात. तेव्हां त्याचें पुष्कळसें काम आतां शिवणयंत्राकडे आलें आहे. त्यासंबंधीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. यंत्रावरहि सुंदर काम होतें. पण यंत्राचा स्वभाव ओळखल्याखेरीज तें टिकाऊ होत नाहीं.

प्रथम हाताच्या कामाकडे पाहावें. हातानें भरणाऱ्या बाईच्या सुईंत एकच दोरा असतो, आणि सुई सबंधच्या सबंध कापडाच्या आरपार जाऊन दुसऱ्या बाजूस बाहेर पडते. काम संपलें कीं कापड उलटें करावयाचें, तीच सुई मागील चार-पांच टाक्यांच्या खालून, कापडास न टोंचतां, सरकवावयाची आणि उरलेला दोरा कापावयाचा. गांठहि लागत नाहीं. धारवाडकडील कसूति हें याचें उत्तम उदाहरण आहे. तींतील 'गवंती' नांवाच्या टाक्यांत धांवदोऱ्यानें पुढें जातांना ज्या जागा रिकाम्या राहतात, त्या परत येतांना भरल्या जातात. सुई जेथून निघाली तेथेंच परत येते. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि गांठ कोठेंहि मारीत नाहींत. इरकली लुगड्यांवर ही कसूति भरीत असत. महाराष्ट्रांतील कित्येक घरांत आजीच्या पेटींतून असें एखादें लुगडें निघेल. तें उलटें करून पाहिल्यास पुढील सर्व विवेचनाची निम्मी गरज उरणार नाहीं.

शिवणयंत्राची सुई मात्र कापडाच्या पार जात नाहीं. तिचें नेढें टोंकाशीं असतें. ती दोऱ्यासह खालीं बुडी मारते, खालच्या बॉबिनचा दोरा आपल्या दोऱ्याच्या फांसांत अडकला कीं आल्या वाटेनेंच वर येते. म्हणून तिला टाक्यांच्या खालून सरकतां येत नाहीं. आपलें टोंक तिला स्वतः लपवितां येत नाहीं. शिवाय येथें दोरे दोन. आरंभीं दोन टोंकें, शेवटीं दोन. एका कांचळीवर वीस बुट्ट्या आहेत आणि प्रत्येक बुट्टीचें फूल एका रंगाचें व पानें दुसऱ्या रंगाचीं आहेत असें धरलें, तर ४० ठिकाणीं आरंभ, ४० ठिकाणीं शेवट, आणि एकूण टोंकें १६०! हा आंकडा यंत्र विकणारा कधीं सांगत नाहीं.

दोन दोऱ्यांची ही युक्ति कां पत्करावी लागली, तें यंत्राच्या इतिहासांत डोकावल्यास कळतें. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्यानें १८३० सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, तें एकाच दोऱ्यानें, आंकडीच्या सुईनें, साखळी टाका घालीत असे. म्हणजे तें भरतकामाच्या टाक्याचेंच अनुकरण होतें. (पोट जाईल या भीतीनें शिंप्यांच्या जमावानें १८३१ सालीं पॅरिस येथील त्याचीं यंत्रें मोडून टाकलीं, ही गोष्ट वेगळी.) साखळी टाक्याचा दोष वाशीमच्या कोणत्याहि शेतकऱ्यास ठाऊक आहे. खताच्या पोत्याचें तोंड ज्या दोऱ्यानें शिवलेलें असतें, त्याचें योग्य टोंक सांपडलें कीं एका हिसक्यासरशीं सबंध शिवण सर्रकन उसवते. पोत्याच्या बाबतींत तो गुण आहे, चोळीच्या बाबतींत नाहीं. पुढें अमेरिकेंत इलायस हाव याचें १८४६ चें आणि आयझॅक सिंगर याचें १८५१ चें अशीं दोन पेटंटें झालीं, आणि वरचा व खालचा असे दोन दोरे कापडाच्या पोटांत एकमेकांस अडकविणारा टाका रूढ झाला. १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास होऊं लागलेलीं 'उषा' यंत्रेंहि हाच टाका घालणारीं. हा टाका एका हिसक्यांत उसवत नाहीं. तो दोन-दोन, तीन-तीन करून, प्रत्येक धुण्याला थोडा थोडा उसवतो. म्हणून तें लक्षांत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

आतां प्रत्यक्ष कृति. साध्या यंत्रावर भरतकाम करतांना दाबाचा फूट काढून टाकतात, कापड पुढें ढकलणारे दाते खालीं पाडतात किंवा पत्र्यानें झांकतात, आणि कापड रिंगमध्यें ताणून ती रिंगच हातानें फिरवितात. फूट नसला तरी त्याची दांडी खालीं पाडावयाची, हें शिकाऊ मुली हटकून विसरतात. दांडी वर राहिली तर वरच्या दोऱ्यास ताण मिळत नाहीं आणि खालीं दोऱ्यांचा गुंता होतो. वरचा ताण शिवणकामापेक्षां थोडा सैल ठेवावा, म्हणजे दोन दोऱ्यांची अडकण मागील बाजूस राहते आणि बॉबिनचा रंग वर डोकावत नाहीं.

पहिला टाका घालण्यापूर्वीं सुई एकदां खालीं-वर करून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा. हें अर्ध्या मिनिटाचें काम टाळलें कीं तो दोरा कापडाखालीं मोकळा राहतो, पुढच्या टाक्यांत सांपडतो, आणि ज्याला लपवावयाचें तोच फुलाच्या पाठीवर कायमचा बसतो. मग दोन्ही दोरे बोटांखालीं दाबून तीन-चार अगदीं बारीक टाके जागच्याजागीं घालावे. ते कोठें घालावे, यांतच कौशल्य आहे. पाकळीच्या कडेला घातले तर तेथें गांठीसारखा उंचवटा दिसतो. पाकळी जेथें पुढें भरली जाणार आहे त्या पोटांत घालावे. वरून भरीव टाके पडले कीं आरंभ आपोआप झांकला जातो. शेवटहि तसाच. भरीव टाक्यांना आडवें न जातां, त्यांच्याच दिशेनें, त्यांच्यामध्यें दोन-चार बारीक टाके बुडवावे. आडवा गेलेला टाका शंभर टाक्यांतूनहि डोळ्यांस खुपतो.

जेथें रेघ बारीक आहे, वेल एकेरी आहे, तेथें झांकण्यास जागाच नसते. तेथें हातसुईस शरण जावें लागतें. काम संपल्यावर दोन्ही दोरे चार बोटें लांब ठेवून कापावे. कापड उलटें करून बॉबिनचा दोरा हलकेच ओढावा, म्हणजे वरच्या दोऱ्याचा एक इवलासा फांस मागें उगवतो. त्यांत सुईचें अग्र घालून तो सबंध बाहेर काढला कीं दोन्ही दोरे एका बाजूस येतात. ते मोठ्या नेढ्याच्या सुईंत ओवून मागील टाक्यांच्या खालून अर्धा-पाऊण इंच न्यावे, तेथून दिशा बदलून थोडें परत आणावे, आणि मगच कापावे. ओढ मात्र बेताची असावी. जोर झाला तर कापडास चुण्या पडतात आणि त्या इस्तरीनेंहि जात नाहींत.

दोऱ्याप्रमाणें वागणूक बदलावी लागते. सुती दोरा खरखरीत असल्यामुळें टाक्यांखालीं धरून राहतो. हल्लीं भरतकामास चकाकणारा रेयॉनचा दोरा वापरतात. तो निसरडा, त्याची गांठहि सरकते. त्याला अधिक लांब टोंक आणि दोनदां फिरविणें अवश्य. कांहीं ठिकाणीं टोंकांवर डिंकाचा थेंब लावतात. तो वाळून कडक होतो, अंगास टोंचतो आणि पाण्यांत सुटतो. कांहीं जण उदबत्तीनें टोंक जाळतात. पॉलिस्टरचा दोरा त्यामुळें वितळून त्याचा मणी बनतो खरा, पण तो मणीहि बोंचतो. आणि सुती किंवा रेयॉनचा दोरा तर नुसता जळतो. या दोन्ही युक्त्या आळसाच्या आहेत.

सर्वांत चांगला उपाय टोंकें लपविण्याचा नसून तीं कमी करण्याचा आहे. येथें कसूति भरणाऱ्या बाईची दृष्टि कामास येते. यंत्रावर बसण्यापूर्वीं नक्षीवरून बोट फिरवून पाहावें: एका फुलाकडून दुसऱ्याकडे वेलीच्या रेघेवरून जातां येईल काय? पानाच्या मधल्या शिरेवरून उतरून देठ भरतां येईल काय? एका रंगाचें सर्व काम अशा वाटेनें बांधलें, तर वीस ठिकाणीं सुरू होणारें काम चार-पांच ठिकाणीं सुरू होतें. मात्र बुट्टी सुटी असेल, तर एकीवरून दुसरीवर दोरा उघडा ओढत नेऊं नये. तो लोंबता दोरा कापला तर दोन्हीकडे टोंकें सुटतात, न कापला तर बांगडीची वाट पाहतो. आणि मोठी पाकळी भरावयास घेण्यापूर्वीं बॉबिनमध्यें दोरा पुरेसा आहे कीं नाहीं, तें पाहावें. पाकळीच्या मध्यभागीं संपलेल्या बॉबिनइतकी यंत्रावरील बाईस चीड आणणारी दुसरी गोष्ट नाहीं.

आरशांचें काम यांत सर्वांत नाजूक. हातानें आरसा बसवितांना प्रथम त्यावर दोऱ्यांची आडवी-उभी जाळी ताणतात आणि तिला धरून भोंवतीं टाके घालतात. दोरा अखंड असतो. यंत्राची सुई कांचेजवळ नेणें धोक्याचें, म्हणून दोऱ्यानें आधींच मढविलेल्या कड्यांचे आरसे आणून तीं कडीं कापडावर शिवतात. कडें शिवणारी फेरी जेथें सुरू होते आणि जेथें संपते, तेथील टोंकें सैल राहिलीं तर सबंध आरसाच निखळतो. म्हणून फेरी पुरी झाल्यावर आरंभीच्या पांच-सहा टाक्यांवरून पुनः जावें आणि टोंकें मागें हातानें बांधावीं. फेटियास किंवा कांचळीस आंतून अस्तर लावलें म्हणजे सर्व झांकलें, असें पुष्कळांस वाटतें. अस्तर झांकतें, बांधीत नाहीं.

हें सर्व काम करणाऱ्या स्त्रियांस ठाऊक नसतें, असें समजण्याचें कारण नाहीं. मजुरी बहुधा नगावर मिळते. वर सांगितलेल्या कांचळीवर टोंकांच्या ८० जोड्या झाल्या. एका जोडीस अर्धें मिनिट धरलें तरी ४० मिनिटें गेलीं. दर ठरवितांना हीं ४० मिनिटें कोणी मोजीत नाहीं, कारण सुलट बाजूवर तीं दिसत नाहींत. मग टोंकें कात्रीनें कापडालगत छाटलीं जातात. त्या दिवशीं तर तें काम उलट अधिकच स्वच्छ दिसतें! पुढें तिसऱ्या-चौथ्या धुण्यास फूल उसवलें, कीं 'अमक्या बाईच्या हाताला टिकाव नाहीं' असा बोभाटा होतो. संगणकावर चालणारीं मोठीं यंत्रें आरंभीं व शेवटीं आपणच बारीक टाके घालून दोरा कापतात. त्यांच्या मालाशीं दरांत स्पर्धा करतांना घरीं यंत्र चालविणाऱ्या बाईच्या वांट्यास येणारा वेळ आणखीच आंखडतो. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून यात्रेंत किंवा प्रदर्शनांत असा माल घेणारे पुष्कळ असतात. घासाघीस करण्यापूर्वीं त्यांनीं वस्तु उलटून पाहावी. आणि मागील बाजू नीट बांधलेली असेल तर घासाघीस करूं नये.

घरांतील एखाद्या कपड्याचें टोंक आधींच सुटलें असेल, तर तें कात्रीनें कापण्याचा मोह आवरावा. कापल्यानें फक्त पुढचा टाका मोकळा होतो. बारीक आंकडीनें किंवा सुईंत दोऱ्याचा फांस ओवून तें टोंक मागील बाजूस ओढून घ्यावें, टाक्यांखालून फिरवावें. टोंक सुईंत ओवण्याइतकें लांब उरलें नसेल, तर आधीं रिकामी सुई टाक्यांखालीं सरकवून ठेवावी, मग नेढ्यांत तें आंखूड टोंक घालावें आणि सुई ओढावी. अर्ध्या इंचाचें टोंकहि अशा रीतीनें आंत जातें. हें काम दुपारच्या उजेडांत, चष्मा लावून करावें.