परदेशातील वार्धक्य आणि महामारी



विषयाचे नाव वाचून कोणी विचारील, की नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे परदेशातील म्हातारपणाची चर्चा कशाला? याचे उत्तर आपल्या ओळखीच्या घरांतच सापडते. ‘लातूर पॅटर्न’ने नावाजलेल्या या भागातून मुले शिकून बाहेर पडतात, त्यांतील काही सातासमुद्रापलीकडे स्थिरावतात आणि सेवानिवृत्तीनंतर आईवडीलही त्यांच्याकडे जातात. कोणी नातवंडासाठी सहा महिने, तर कोणी कायमचे.

अशा वृद्धांचा खरा आधार एकच असतो : मनात येईल तेव्हा परत जाता येईल. मार्च २०२० मध्ये हा आधारच निखळला. २२ मार्चपासून भारतात येणारी नियमित प्रवासी विमाने थांबली, त्याच सुमारास रेल्वे थांबली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. दोन वर्षे! सत्तरीतल्या माणसाला दोन वर्षे किती मोठी असतात, हे मी आपणांस सांगायला नको.

या काळात एक गोष्ट उघडी पडली. घरात जो आजोबा असतो, तो सरकारदरबारी कोणी वेगळाच असतो. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. तेथे मुलाकडे गेलेला निवृत्त शिक्षक कायद्याच्या दृष्टीने पर्यटक असतो. त्याला बहुधा सहा महिने राहण्याची मुभा मिळते. मुदत संपत आली आणि विमान नाही, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज आणि त्याचे शुल्क आले. तेथील वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना या पाहुण्याला लागू नसते. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या वृद्धालासुद्धा, त्या योजनेत स्वतःच्या हक्काने शिरायचे तर पाच वर्षांचे सलग वास्तव्य दाखवावे लागते. येथून नेलेल्या प्रवासी विम्यात जुन्या आजारांना बहुधा जागा नसते. आणि साठीनंतर जुना आजार नाही असा मनुष्य विरळाच! पेटीतल्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तर आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तेथील औषधविक्रेता सहसा मानीत नाही.

उलट बाजूचे हालही कमी नव्हते. जे परदेशी स्थायिक झाले होते आणि हिवाळ्यात चार महिने गावाकडे आले होते, ते इकडे अडकले. अमेरिकेचा कायम वास्तव्याचा परवाना असलेला मनुष्य वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला, की तो परवानाच धोक्यात येतो. आणि भारतीय वंशाच्या ज्या परदेशी नागरिकांना ओसीआय पत्रावर केव्हाही मायदेशी येता येत असे, त्यांची ती सवलत मार्च २०२० मध्ये तात्पुरती स्थगित झाली. घर दोन्हीकडे होते. दार मात्र दोन्हीकडे बंद!

७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुटू लागली. दूतावासात नाव नोंदवायचे, वृद्ध-आजारी यांच्या यादीत ते येण्याची वाट पाहायची, तिकिटाचे पैसे स्वतः भरायचे; मुंबईस उतरल्यावर विलगीकरणाचे दिवस हॉटेलात स्वखर्चाने काढायचे; आणि मग नांदेडचा सुमारे ६०० किलोमीटरांचा रस्ता उरायचाच. पुढे वर्षअखेर आणखी एक प्रश्न उभा राही. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा. केंद्र सरकारने आपल्या निवृत्तिवेतनधारकांना त्या साली फेब्रुवारी २०२१ अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली, हे योग्यच झाले. महामारीतून जिवंत राहायचे, आणि वर आपण जिवंत असल्याचे सिद्धही करायचे!

परक्याविषयीची भीती जुनी आहे. १३७७ मध्ये रगूसा, म्हणजे आजचे दुब्रोव्निक, या बंदराने प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले, आणि चाळीसाच्या इटालियन शब्दावरूनच ‘क्वारंटीन’ हे नाव रूढ झाले. नियम शहाणपणाचा होता. पण अंतर राखणे वेगळे आणि माणूस टाकणे वेगळे. २०२० मध्ये आपल्याकडे घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. शिक्का सावधगिरीचा होता. काही शेजाऱ्यांनी तो अपराध्याचा मानला.

अंतर राखूनही माणूस सांभाळता येतो काय? त्यासाठी लांब पाहायला नको. त्याच मार्चमध्ये नांदेडला पंजाबातून आलेले सुमारे ४,००० यात्रेकरू अडकले. सचखंड श्री हुजूर साहिबच्या निवासांत त्यांची सोय झाली, लंगरमध्ये जेवण मिळाले. ‘तुम्ही आलात कशाला?’ असे विचारून कोणी त्यांना रस्त्यावर काढले नाही. महिना उलटल्यावर, एप्रिलअखेर, पंजाबच्या बसगाड्या त्यांना न्यायला आल्या. तिकडे पोहोचल्यावर त्यांतील अनेकांना लागण झाल्याचे आढळले आणि दोष कोणाचा यावर वाद पेटला. वादाचा निकाल काही लागो; महिनाभर त्या माणसांना छप्पर आणि भाकरी मिळाली, हे कोणाला नाकारता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. पाहुणा, रहिवासी आणि नागरिक हे भेद कायद्याला करावेच लागतात. पण म्हाताऱ्या माणसाच्या औषधाची, जेवणाची आणि निवाऱ्याची व्यवस्था त्या भेदांवर सोडता कामा नये. ज्या गावात तो अडकला, त्या गावाने ती जबाबदारी उचलली पाहिजे.

आणि जाणाऱ्यांनीही थोडी दूरदृष्टी ठेवावी. मुलाकडे निघताना इथले घर घाईने विकू नका. किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्या. ठरलेल्या मुक्कामापेक्षा अधिक दिवसांची औषधे न्या आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. विम्याचा कागद सही करण्यापूर्वी वाचा. बँकेचे आणि निवृत्तिवेतनाचे काम इथे कोण पाहील, ते लेखी ठरवा.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपल्या गावचा कोणी वृद्ध परमुलखात असेल, आणि परमुलखातला कोणी वृद्ध आपल्या गावात असेल. आपल्या माणसाला तिकडे जे मिळावे असे आपणांस वाटते, ते इकडच्या परक्याला देण्याची तयारी आपण आजच केली पाहिजे.