जुन्या गाडीचे प्लग आणि वायरी

डबे, भाजी, पापड-मसाले पोचवायला आपल्यातल्या कितीतरी गटांनी जुनी मारुती ओम्नी घेतली आहे. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. म्हणजे रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी आता जुनीच, आणि आमच्या गटाची तर कार्बोरेटरच्या काळातली. ती सकाळी रुसली की साठ डबे अडतात आणि अकरा घरांची त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून आज बोलू या तिच्या ठिणगीबद्दल.

पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते, डिस्ट्रिब्युटर तो पाळीपाळीनं वाटतो, जाड वायरी तो प्लगपर्यंत नेतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. ओम्नीला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. वायरी मात्र चार, कारण एक कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येते. एका प्लगची ठिणगी चुकली की गाडीची एक-तृतीयांश ताकद गेली. मग गाडी मिसिंग करते, चढावर दम टाकते, ॲव्हरेज घसरतो आणि न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून वाया जातं.

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी अशीच थरथरायला लागली. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "ताई, इंजिन खोलावं लागेल." तो खर्च म्हणजे आमची वर्षभराची शिल्लक. आम्ही म्हटलं, आधी प्लग काढून दाखवा. दोन प्लग ठीक निघाले. तिसरा पेट्रोलनं ओला होता आणि त्याच्या वायरीचं रबर तडकलेलं होतं. वायरीचा नवा सेट आणि तीन प्लग टाकले, गाडी सुरळीत झाली. इंजिन कधीच खोलायचं नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण खोलण्याआधी प्लग बघायचा, हे नक्की.

प्लग इंजिनाच्या पोटातली खबर देतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर आणि चोक तपासा. तेलकट काळा असेल तर ऑइल जळतंय, आणि तिथे नुसता प्लग बदलून भागणार नाही. पांढरा, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन फार तापतंय किंवा प्लग चुकीचा आहे. म्हणून काढलेले प्लग एक, दोन, तीन असे क्रमानं कागदावर ठेवायला सांगा. कुठल्या सिलिंडरचं दुखणं आहे, ते लगेच कळतं.

आता निवड. महागडा इरिडियम प्लग जास्त टिकतो, पण त्यानं जुन्या इंजिनाची ताकद वाढत नाही. थोडं ऑइल जळणाऱ्या इंजिनात तोही काळाच पडणार. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला साधा प्लग पुरे. मात्र नंबर तोच हवा. चूल जितकी तापायला हवी तितकीच तापावी, तसं प्लगचंही आहे. फार गरम जातीचा प्लग पेट्रोल वेळेआधी पेटवतो, फार थंड जातीचा काजळी धरतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. म्हणून कंपनी बदलताना "आकडा सारखाच आहे" एवढ्यावर जाऊ नका, दुकानदाराकडून तक्त्यात जोड बघून घ्या. आट्यांची लांबीही जुळली पाहिजे, कारण लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. नकली माल खूप येतो, तेव्हा खात्रीच्या दुकानातून पक्क्या बिलानंच घ्या.

नव्या प्लगचीही गॅप फिलर गेजनं मोजायची आणि पुस्तकात दिलेल्या आकड्याशी जुळवायची. गाडी गॅसवर चालत असेल तर ठिणगीला जास्त दाब लागतो. अशा गाडीत दुबळी वायर आणि झिजलेला प्लग लवकर उघडे पडतात, म्हणून तपासणीही लवकर करायची.

वायरी नेहमी पूर्ण सेटनं बदला, आणि एकेक करून. जुनी काढली की तिच्या जागी लगेच नवी. चारही एकदम उपटल्या तर क्रम चुकतो आणि गाडी फटफट करते किंवा सुरूच होत नाही. ओढताना वायरीला नाही, टोपीला धरायचं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून चीर गेली आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्यायचं.

वायर गळते का, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. अंधार पडल्यावर गाडी उघड्यावर उभी करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पुढची सीट उचलून इंजिन चालू ठेवा आणि लांबूनच बघा. वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर ती वायर गेली. हात लावायचा नाही. पदर, ओढणी, वेणी बेल्टपासून दूर. गॅसचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ही परीक्षा करायचीच नाही.

प्लग स्वतः बदलणार असाल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. ओम्नीचं इंजिन सीटखाली, तिथे रस्त्याची धूळ साचते. ती आधी फुंकून काढा, नाहीतर खडा सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग आधी हातानंच फिरवा. अडला तर जोर न लावता पुन्हा सुरुवात करा, कारण हेडच्या आट्या अल्युमिनियमच्या असतात, त्या लगेच खराब होतात. हातानं घट्ट बसला की नव्या वायसरसाठी पान्यानं साधारण अर्धा फेरा पुरतो.

आणि गाडीत एक वही ठेवा. प्लग कधी बदलले, किती किलोमीटरला, कोणत्या नंबरचे, तिघांचा रंग कसा होता, सगळं लिहा. साधे प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला येतात. ती वही हातात घेऊन गॅरेजात गेलात की बोलणं "काय झालंय हो?" इथून सुरू होत नाही. "दोन नंबरचा प्लग ओला येतोय, वायर तपासा," इथून सुरू होतं.