नाव लोकांनी दिले, मैदान लोकांचेच राहावे



हिंगोली शहरातील वस्त्यांची नावे ओळीने उच्चारली, की छावणीची हजेरी घेतल्यासारखे वाटते : पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिसाला म्हणजे घोडदळ; पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती. ही नावे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीने मागे ठेविली. फौज नावाने निजामाची, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे पैनगंगेपलीकडच्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर ही फौज पोसली गेली.

या लष्करी नावांच्या शेजारी एक नाव निराळे आहे : रामलीला मैदान. ते कोणा सेनापतीचे नाही, नबाबाचे नाही, धनिक दात्याचेही नाही. १८५५ साली खाकीबाबा मठाच्या मानदासबाबांनी हिंगोलीत सार्वजनिक दसऱ्याचा प्रारंभ केला, असे परंपरा सांगते. रामलीला हा मूळचा उत्तर हिंदुस्थानचा खेळ. मराठवाड्याची स्वतःची परंपरा भारूड-गोंधळाची. तरीही परमुलखातील हा खेळ गावाने आपला मानिला, आणि लोक जे पाहावयास जमत त्यावरूनच जागेस नाव पडले.

१९०३ साली कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली. १९४८ साली निजामाची सत्ता संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. फौज गेली, संस्थान गेले. दसऱ्याची गर्दी मात्र राहिली.

याच नावाच्या दिल्लीतील मैदानावर २५ जून १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्याच रात्री आणीबाणी लादली गेली. उत्सवासाठी मोकळी राहिलेली जागा प्रसंगी लोकांच्या आवाजालाही आसरा देते, हा या नावाचा दुसरा अर्थ होय.

आज गावोगाव मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असा हिशेब मांडला जातो. प्रथम एक कुंपण येते, मग गाळ्यांची रांग येते, आणि चेंडू घेऊन आलेले पोर रस्त्यावर जाते. हा हिशेब मोडून काढला पाहिजे. नाव रामलीलेचे असले, तरी तेथे येणाऱ्यास जात वा धर्म विचारणारे फाटक असता कामा नये. मैदान बेवारस नसते. तेथे जमणारा प्रत्येक जण त्याचा वारस असतो. जमावयास जागाच उरली नाही, तर नाव केवळ पाटीवर उरेल.