भिंतीवरची चादर

परवा बरकतपुऱ्यातील एका घरी, भिंतीवर चादर लावून, एका विद्यार्थ्याने आपला नऊ मिनिटांचा लघुपट दाखविला. पाहणारे सहाजण, तेही चित्रपटकलेचे विद्यार्थीच. जवळच्या काचीगुडा स्थानकावर एक आजी मराठवाड्याकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहते, एवढीच कथा.

ही हौस हैदराबादला नवी नव्हे. श्याम बेनेगल यांनी बाराव्या वर्षी, छायाचित्रकार वडिलांच्या कॅमेऱ्याने, आपला पहिला चित्रपट याच शहरी केला. पुढे येथेच हैदराबाद फिल्म सोसायटी स्थापिली. ‘अंकुर’ आला तो मात्र १९७४ साली!

चित्र संपले. क्षणभर कोणी बोलेना. मग एकाने विचारले, “या बाई कोणाची वाट पाहत होत्या?” “नातवाची,” असे म्हणून विद्यार्थी समजावू लागला. मी त्यास थांबविले. श्रोतेहो, चित्रगृहात दिग्दर्शक काही प्रत्येकाच्या शेजारी बसून अर्थ सांगत नाही. दुसरी म्हणाली, “आजीच्या हातांचे ते लांबलेले दृश्य काढ. कथा तिथे थबकते.”

मुलाचा चेहरा उतरला. ते हात त्याच्या स्वतःच्या आजीचे होते, आणि चित्रीकरणानंतर दोनच महिन्यांत ती गेली होती. पडद्याला हे कसे ठाऊक असावे? सांगणारीचे म्हणणे खरे होते. तिने ते मागे घेतले नाही, हे मला आवडले.

पुष्कळ वेळाने त्याने वही उघडली. मूळ प्रत आईपाशी राहील, म्हणाला. दुसरीत हातांचे दृश्य निम्मे करीन. येत्या रविवारी पुन्हा चादर लागणार आहे.